‘उतारावर कसले आलेत श्रम?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण मुद्देही आहेत. म्हणून ‘धन्यवाद, नोंद घेतली’ असं लिहून सटकण्यापेक्षा सविस्तर उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं सांगतो. गुलमर्गच्या खोल, ताज्या बर्फात स्कीइंग करणं शरीराला पार पिळून काढतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत की वर न्यायला गोंडोला (केबल कार) आहे, खाली आणायला गुरुत्वाकर्षण आहे, मग माणूस दमतो कुठे? तुम्ही वर्षानुवर्षं सह्याद्रीत फिरता, कळसूबाई दोन तासांच्या आत चढता. साठीतले युरोपीय लोक शीळ घालत पावडरमधून, म्हणजे खोल ताज्या बर्फातून, उतरताना तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. आणि सगळ्यात झोंबलेली गोष्ट म्हणजे माझा लेख वाचून आईने बाबांचं फेब्रुवारीचं तिकीट रद्द करायला सांगितलंय. ‘लोकांना घाबरवून तुम्हाला काय मिळतं?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न.

बाबांकडे येतोच. आधी गुरुत्वाकर्षण.

ते तुम्हाला खाली आणतं, यात वाद नाही. पण वेग आवरण्याचं आणि वळण्याचं काम ते करत नाही, ते तुमच्या मांड्या करतात. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताण सोसत सोसत लांबत असतो. चढताना तो आखडत काम करतो, इथे उलट. अशा कामाला प्राणवायू तुलनेने कमी लागतो, म्हणून धाप फारशी लागत नाही आणि आपल्याला वाटतं, चाललंय की मजेत. पण स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते ती याच प्रकारात, आणि तिचा ठणका लगेच नाही, एकदोन दिवसांनी कळसाला पोचतो. आठवड्याचा कोर्स करणारी मंडळी तिसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना कठडा धरून उतरताना दिसतात, त्याचं कारण हे.

मशीनने दाबलेल्या उतारावर वळताना बहुतेक भार बाहेरच्या पायावर असतो. डावीकडे वळलात की उजवा पाय राबतो, उजवीकडे वळलात की डावा. आतल्या पायाला तेवढीच उसंत. खोल बर्फात ही सोय नाही. एका स्कीवर जास्त भार टाकला की ती बुडते आणि दुसरी वर राहते, मग तुम्ही आडवे. म्हणून दोन्ही पाय जवळ ठेवून, भार सारखा वाटून, दोघांनाही सतत कामाला लावावं लागतं. त्यात नवशिक्याला स्कीची टोकं बर्फात घुसण्याची भीती असते, म्हणून तो मागे रेलतो. घरी भिंतीला पाठ लावून, गुडघे काटकोनात वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे बसून बघा. मिनिटभरात मांड्या पेटतात. स्नायू एकाच स्थितीत जोरात आवळून धरला की त्यातला रक्तपुरवठा दबतो, म्हणून ही आग. मागे रेललेला स्कीअर हाच व्यायाम हलत्या स्कीवर, चार हजार मीटरच्या आसपास करत असतो.

तरीही तुमचा प्रश्न फक्त उतरण्यापुरता असता, तर मी अर्धा तुमच्या बाजूने झालो असतो. खोल बर्फात खरा घाम निघतो तो उतरताना नाही, पडल्यावर.

कडक उतारावर पडलात तर पोल (हातातली काठी) टेकवायचा, रेटा द्यायचा, उभं राहायचं. कमरेइतक्या ताज्या बर्फात पोल टेकवला तर तो मुठीपर्यंत आत जातो. हात टेकवला तर खांद्यापर्यंत. खाली टेकायला काही नाहीच. ताज्या बर्फाचा घनमीटर साधारण ५० ते १०० किलो भरतो, म्हणजे बहुतांश हवाच. तुम्ही उठण्यासाठी लावलेला सगळा जोर ती हवा दाबण्यात जातो. दोन्ही पोल बर्फावर आडवे, फुलीसारखे ठेवून त्यांच्या मधोमध रेटा द्यायचा असतो, हे इन्स्ट्रक्टर शिकवतो. पण ते करायला आधी स्की उताराला आडव्या आणाव्या लागतात, आणि त्या तर कुठेतरी खाली एकमेकींत अडकलेल्या. एक स्की बाइंडिंगमधून (बुटाला स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीतून) सुटली असेल तर ती बर्फाच्या पोटात शोधायची. सापडली की बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडायचा आणि भुसभुशीत जमिनीवर एका पायावर तोल सांभाळत बूट पुन्हा बाइंडिंगमध्ये बसवायचा. तरबेज माणूस दिवसात एखाद्या वेळी पडतो. नवशिका दर चार वळणांना पडतो, आणि प्रत्येक वेळी हा सगळा सोहळा. पडण्याची भीती म्हणाल तर बर्फ मऊ आहे, लागत नाही. उठण्याचाच खर्च मोठा. (झाडांमधून जाणार असाल तर एवढं वेगळं लक्षात ठेवा: खाली पसरलेल्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो. त्यात डोकं खाली करून पडलेला माणूस बहुतेकदा एकट्याने बाहेर येऊ शकत नाही. तिथे जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवाच.)

‘मग स्की काढून चालत येऊ’, असं तुमच्या मनात आलं असेल. ट्रेकरला तेच सुचतं. याचं उत्तर आकड्यांत आहे. १९७६ साली अमेरिकी लष्करासाठी पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी बर्फातून चालताना किती ऊर्जा लागते ते मोजलं. गुळगुळीत, कडक रस्त्यावर चालण्याच्या श्रमाला १ धरलं तर मोकळ्या वाळूचा गुणक येतो २.१. गणपतीपुळ्याच्या कोरड्या वाळूत पोटऱ्या कशा भरून येतात ते तुम्हाला माहीत असेल. बर्फात पाऊल १५ सेंटिमीटर रुतत असेल तर गुणक २.५, आणि ३५ सेंटिमीटरला ४ च्या वर. ३५ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम गुडघ्याखाली. शरीराच्या नुसत्या उभं राहण्याच्या खर्चाला हा गुणक लागत नाही, चालण्याच्या भागाला लागतो, पण तो भाग मोठा असतो. वर पायात स्कीचे जड बूट आणि खांद्यावर स्की.

एक सोपा हिशोब करू. ८० किलोचा माणूस एका बुटावर उभा राहिला तर भार साधारण ३०० चौरस सेंटिमीटरवर येतो. १८० सेंटिमीटर लांब आणि सरासरी १२ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्कींवर तोच भार ४,३०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास पसरतो. चौदापट. खोल बर्फात स्की काढणं म्हणजे ही चौदापट मदत आपल्या हाताने नाकारणं.

आता गोंडोला. तुम्हाला त्यात श्रमांची बचत दिसते, मला फसवणूक दिसते. कळसूबाईच्या वाटेवर ज्याचा दम संपतो तो अर्ध्यावर बसतो आणि परत फिरतो. डोंगर स्वतःच चाळणी लावतो. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्यापेक्षा हॉटेलची खोलीच हजार मीटर उंच. गोंडोलाचा पहिला टप्पा, फेज वन, कोंगडूरीला सोडतो, दुसरा, फेज टू, अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजारांच्या जरा खाली. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि सराव नसलेल्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण चौथ्या हिश्शाने घटलेली. काल मुंबईत लोकलमध्ये लटकणारा माणूस आज तिथे उभा, आणि अजून एकही थेंब घाम गाळलेला नाही! त्याचा दम संपेल तो खाली येताना, मध्येच, गुडघाभर बर्फात. वरून थेट गुलमर्गपर्यंतचा उतार तेराशे मीटरच्या घरात जातो. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला चढायला लागते त्याहून जास्त उंची. दम संपेल असं वाटलं तर वरूनच गोंडोलाने परत यायचा पर्याय खुला असतो, पण तो निर्णय उतार सुरू करण्याआधी घ्यावा लागतो. वरच्या स्टेशनापासून कोंगडूरीपर्यंत मध्ये कुठे स्टेशन नाही.

पण सह्याद्रीचा तुमचा मुद्दा मला आवडला. फक्त तुम्ही चुकीच्या अर्ध्या भागाचा अभिमान बाळगताय. दोन तासांत कळसूबाई चढता याने तुमचं हृदय आणि फुप्फुसं तयार झाली आहेत. पडून उठल्यावर तुमची धाप इतरांपेक्षा लवकर बसेल. स्कीइंगला मात्र जास्त कामाचं आहे ते तुमचं उतरणं. लोखंडी शिड्या, कातळातल्या पायऱ्या, मुरमाड उतार, जिथे मांड्या थरथरतात, तिथे स्नायू हेच काम करत असतो: ताण सोसत लांबण्याचं. असं काम एकदा झालं की स्नायू पुढचे काही आठवडे त्या प्रकारच्या इजेला बराच कमी बळी पडतो, हे व्यायामशास्त्रात पक्कं झालेलं आहे. तेव्हा फेब्रुवारीपर्यंतचे शनिवार-रविवार चढण्याची वेळ मोजण्यात घालवू नका. लांब उताराची वाट धरा आणि ती सावकाश, गुडघे वाकवून, दर पावलाला वजन तोलत उतरा. मी जिमच्या मशीनपेक्षा भीमाशंकरहून खांडसला उतरणं जास्त मानतो. हे मत झालं, शास्त्र नव्हे.

राहिले शीळ घालणारे युरोपीय. तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते धक्का लावत नाही. एक तर त्यांच्या पायाखालच्या स्की १०५-११५ मिलिमीटर रुंद असतात. आपल्याला भाड्याच्या दुकानात ७०-८० च्या मिळतात, त्या दाबलेल्या उतारासाठीच्या. दुसरं म्हणजे वेग. तळ्यावर भाकऱ्या काढताना चपटा दगड वेग आहे तोवर पाण्यावर राहतो, तसं स्कीचं आहे. योग्य वेग असला की बर्फच तिला वर उचलतो. भिऊन हळू जाणारा बुडतो, बुडाला की वळायला दुप्पट जोर लावतो, आणि दमतो. तिसरं, ते बहुधा लहानपणापासून कडक बर्फावर हजारो वळणं घेऊन आलेले असतात. त्यांचे श्रम कमी असतात ते बर्फ हलका म्हणून नव्हे. खोल बर्फात साठीचा तरबेज माणूस तिशीच्या धडधाकट नवशिक्याला दमवतो, तो तंत्राच्या जोरावर.

यावर कुणी म्हणेल, मग शर्यतीतले खेळाडू? बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये (खुणेच्या काठ्यांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत) ४५ वा आलेला आरिफ खान गुलमर्गच्याच उतारांवर तयार झाला. पण शर्यतीचा उतार मुद्दाम दगडासारखा कडक केलेला असतो. तिथे शरीराची मागणी वेगळी, तिच्यावर पुन्हा कधीतरी.

आणि आता बाबा. वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू, रोज तासभर फिरायला जातात, असं तुम्ही लिहिलंय. तिकीट रद्द करू नका. पण ऑस्ट्रियात मार्टिन बुर्टशर आणि सहकाऱ्यांनी उतारावर हृदय बंद पडून दगावलेल्या स्कीअर्सचा अभ्यास केला, त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या आधी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, उच्च रक्तदाब आणि दमवणाऱ्या व्यायामाची सवय नसणं. अशा घटनांचा मोठा वाटा डोंगरात आल्याच्या अगदी पहिल्या दिवसांत असतो. सपाटीवर फिरणं चांगलंच, पण ते दमवणाऱ्या व्यायामात मोडत नाही. म्हणून निघण्याआधी बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि ‘काश्मीरला चाललोय’ एवढंच न सांगता ‘२,६५० मीटरवर स्की शिकणार आहे’ असं स्पष्ट सांगा. डॉक्टर हो म्हणाले तर पहिला दिवस गुलमर्गमध्ये नुसतं फिरण्यात घालवा. थंड कोरड्या हवेत तहान लागत नाही तरी पाणी जातच असतं, तेव्हा थर्मास जवळ ठेवा. दुसऱ्या दिवसापासून खालच्या सौम्य, दाबलेल्या उतारावर इन्स्ट्रक्टरसोबत दोन तास, त्याहून जास्त नाही. रात्री नवा बर्फ पडला असेल तर त्या दिवशी बाबांनी खिडकीतून बघावा आणि कहवा प्यावा.

फेज टूचं तिकीट फक्त तुमचं काढा. तेही पहिल्या दिवशी नको. वळणं पक्की झाली, स्की पेट्रोलने (उताराची सुरक्षितता पाहणाऱ्या पथकाने) वरचा उतार खुला केला आणि इन्स्ट्रक्टर स्वतःहून ‘चलिए’ म्हणाला, की मग.