सगळ्यांचा मिळून एक दिवस

जर्मनीतल्या स्टुटगार्टला राहायला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. रिकाम्या काचेच्या बाटल्यांची पिशवी भरली होती, म्हणून रविवारी सकाळी ती उचलून कोपऱ्यावरच्या, काच टाकायच्या पेटीपाशी गेले. पहिली बाटली आत टाकली. ती फुटल्याचा आवाज सबंध गल्लीत गेला. दुसरी हातात घेतेय तोवर समोरच्या इमारतीतल्या आजी खाली आल्या, पायांत घरातल्याच सपाता. रागावल्या नाहीत. "आज रविवार आहे," एवढंच म्हणाल्या आणि पेटीवर लिहिलेल्या वेळा बोटानं दाखवल्या.

त्याला आता अकरा वर्षं झाली. रविवारी इथे ड्रिल चालवत नाहीत, गवत कापायचं यंत्र लावत नाहीत, वाणसामानाची बहुतेक दुकानं बंद असतात. सुरुवातीला हे फार जाचायचं. शनिवारी संध्याकाळी दूध संपलेलं लक्षात आलं की धावाधाव. यामागे काय आहे ते हळूहळू वाचत गेले. जर्मनीच्या १९१९ च्या, म्हणजे वायमार राज्यघटनेत कलम १३९ आहे. रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विसावा आणि मनाची उन्नती यांसाठी कायद्यानं राखले जातील, असं ते सांगतं. १९४९ च्या राज्यघटनेनं ते जसंच्या तसं स्वीकारलं. बर्लिन राज्यानं नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली, तेव्हा चर्चनी दाद मागितली आणि २००९ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ती परवानगी घटनाबाह्य ठरवली. मन असं काही असतं आणि त्यालाही वेळ लागतो, हे एखाद्या देशाच्या राज्यघटनेत लिहिलेलं असावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्याकडे याच काळात उलट दिशेनं चर्चा चालली आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन नव्वद तासांवर गेले. तुम्हाला रविवारी कामाला लावता येत नाही याची मला खंत वाटते, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असं ते कर्मचाऱ्यांना म्हणाले. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं खासगी आस्थापनांतले रोजचे तास नऊवरून दहा आणि कारखान्यांतले नऊवरून बारा करायला मंजुरी दिली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर दोन दिवस वाद झाला. मामांचं म्हणणं, गरीब देशाला आराम परवडत नाही. चुलतभावाचं म्हणणं, ओव्हरटाइम मिळणार असेल तर बारा तासही करीन, घराचा हप्ता कोण भरणार? त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. आठ तासांच्या पगारात घर चालत नसेल तर माणूस बारा तास मागणारच. पण मग आठ तासांचा पगार का पुरत नाही, यावर बोलायला हवं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की सुब्रह्मण्यन ज्या रविवाराबद्दल बोलले तो मुळात मुंबईच्या कामगारांनी झगडून मिळवलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे ठाण्याचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली. पुढची काही वर्षं अर्ज, सभा, नकार यांत गेली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. मला ते इथे येऊन, जर्मन रविवाराचा इतिहास शोधताना सापडलं.

आणि मग आजोबा आठवले. ते लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. गाव पाटण तालुक्यात. त्यांचा रविवार कसा जायचा ते बाबा सांगतात. सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यातल्या खंडोबाला भंडारा वाहायचा, रविवार हा त्याचाच वार. मग चाळीच्या गॅलरीत पोस्टकार्डांची चवड घेऊन बसायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते एकेक करून यायचे. "बैल विकू नका म्हणून लिहा, पुढच्या महिन्याला पैसे धाडतो." "थोरलीला शाळेतून काढू नका म्हणावं." मजकूर सांगता सांगता एखाद्याचा गळा भरून यायचा, तेवढा वेळ आजोबा दौतीचं झाकण फिरवत गप्प बसायचे. बारा-तेरा पत्रं झाली की जेवण, दुपारी झोप, संध्याकाळी भजन. आजोबांनी आयुष्य कसं जगावं यावर कधी दोन वाक्यं सांगितल्याचं कुणाला आठवत नाही. पण माझ्या मनात चांगल्या आयुष्याचं जे चित्र आहे ते या गॅलरीचंच आहे. पोटासाठी राबायचं, एक दिवस थांबायचं, आणि त्या दिवसातला काही वेळ दुसऱ्याला द्यायचा.

हे जमायचं, कारण त्या दिवशी चाळीतल्या बहुतेकांना सुट्टी असायची. पुण्यात दादा हिंजवडीला आयटीत आहे, त्याला शनिवार-रविवार सुट्टी. वहिनी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात आहे, तिची सुट्टी मंगळवारी, कारण शनिवार-रविवारी गिऱ्हाईक जास्त. कागदावर दोघांनाही साप्ताहिक सुट्टी आहे. पण त्यांची नऊ वर्षांची मुलगी रविवारी बाबाबरोबर जेवते आणि मंगळवारी शाळेतून आल्यावर आईबरोबर. मध्यंतरी मी फोनवर तिला विचारलं, तिघं मिळून शेवटचं कधी बाहेर गेला होता? ती म्हणाली, "गणपतीत." तेव्हा मार्च चालू होता. सुट्टी प्रत्येकाला मिळते आहे म्हणून आपण समाधान मानतो. ती एकमेकांच्या वाट्याला येते का, हे विचारत नाही.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. रविवारी इस्पितळं, आगगाड्या, हॉटेलं चालूच असतात आणि तिथे राबणाऱ्यांत माझ्यासारखे बाहेरून आलेले पुष्कळ असतात. इथलं सरकारही आता रोजच्या तासांऐवजी आठवड्याच्या तासांवर मर्यादा आणू पाहतंय. चॅन्सेलर मेर्त्स म्हणतात, चार दिवसांचा आठवडा घेऊन समृद्धी टिकणार नाही. आणि मुख्य म्हणजे इथला रविवार शांत आहे, पण कित्येक घरांत तो नुसता रिकामा आहे. फोन न करता कुणी कुणाकडे जात नाही. आमच्या इमारतीत दर आठवड्याला एकाच्या दारावर पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना त्यानं झाडायचा. ही इथली फार जुनी रीत. इंजिनिअर असो की बसड्रायव्हर, झाडू हातात घेतोच, आणि हे आपल्याकडे यायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण ज्या शेजाऱ्याबरोबर वर्षानुवर्षं एकच जिना झाडला, त्याच्या घराचा उंबरा कित्येकांनी कधी ओलांडलेला नसतो. थांबायचं कसं ते या लोकांना येतं. थांबल्यावर माणसांकडे जायचं कसं, ते माझ्या आजोबांना येत होतं.

बाटल्यांच्या प्रसंगानंतर साताठ महिन्यांनी, एका रविवारी, मी रव्याचे लाडू घेऊन त्या आजींच्या दारावरची घंटा वाजवली. आधी फोन केला नव्हता. दार उघडून त्या क्षणभर घाबरल्याच, काही वाईट झालं की काय म्हणून. मग डबा पाहिला. तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार चार वाजता चहा असतो, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. आता त्यांना अक्षर नीट दिसत नाही. भावाची पत्रं येतात, जुन्या वळणाच्या जर्मन हस्ताक्षरातली. आम्ही दोघी खिडकीपाशी बसतो, मी एकेक शब्द लावत वाचते, त्या सांगतात तसं उत्तर लिहिते.

दादाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझी वहिनी दुकानात महिन्यातला एक रविवार तरी मागून बघते म्हणतेय. तिच्यासारख्या आणखी चौघी आहेत, पाचजणी मिळून अर्ज देणार आहेत."