‘घर 14 जणांना पुरलं नाही’ या अभिप्रायाला घरमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय आम्ही दोघांनी बसून नीट वाचला. घर अपुरं पडलं, आजोबांचे हाल झाले, रात्री स्पीकर बंद करायला लावला आणि समुद्रकाठी येऊन ताजी सुरमई मिळाली नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुढे गुहागरला येणारी मंडळीही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

बुकिंग 10 जणांचं होतं, घराच्या माहितीतही तेवढेच लिहिलेत. गाड्यांतून 14 जण उतरले. भर पावसात दारात आलेल्या माणसांना परत पाठवणं आमच्याच्याने होत नाही, म्हणून शेजारून गाद्या आणल्या. पण बाथरूम कुठून आणणार? ती तीनच. त्यात सगळ्यांना सकाळी लवकर हेदवी, वेळणेश्वरला निघायचं होतं आणि लाइट गेल्यामुळे विहिरीवरचा पंप बंद. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पंप आणि एसी चालत नाहीत. पावसाळ्यात इथे लाइट जाते, हे बुकिंगच्या वेळी आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आजोबांचं मात्र मनाला लागून राहिलं. आमचं घर जुनं, जांभ्या दगडाचं. चारपैकी तीन खोल्या माडीवर. जिना लाकडी आणि उभा, पायऱ्या इतक्या अरुंद की पाऊल आडवं टाकावं लागतं, धरायला वरून दोर सोडलेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने तो चढावा असं कुणीच म्हणणार नाही. खाली कमोड असलेली एकच खोली आहे, ती तान्ह्या बाळाच्या आईला दिली, तेही बरोबरच होतं. मग आजोबांची खाट माजघरात पडली आणि रात्री तीनदा त्यांना ओली पडवी ओलांडून जावं लागलं. तुमच्या मंडळींना खाली दोन खोल्या असलेलं घर हवं होतं. आमच्याकडे ते नाही.

म्हणून किती जण येणार याच्या आधी कोण कोण येणार ते सांगा, असं मी सगळ्यांनाच विनवतो. कॉलेजचे आठ मित्र माडीवर ओळीने गाद्या टाकून मजेत झोपतात. तीन जोडपी असली तर दाराला कडी असलेल्या तीन खोल्या लागतात, हॉल कितीही मोठा असला तरी त्याचा उपयोग नाही. वयस्कर माणूस असेल तर खालची खोली, कमोड आणि गाडी दारापर्यंत येते का, हे आधी विचारा. आमच्या पाखाडीत, म्हणजे वाडीतल्या अरुंद वाटेत, मोठी गाडी शिरत नाही, रस्त्यावर उतरून वाडीतून चालत यावं लागतं.

स्पीकरचं म्हणाल तर रात्री 10 ते सकाळी 6 मोकळ्या जागेत तो लावायला कायद्यानेच बंदी आहे, 2000 सालापासून. आणि कायदा नसता तरी मी थांबवलंच असतं. इथे घरं खेटून आहेत, एका अंगणातलं गाणं दुसऱ्याच्या उशाशी ऐकू येतं. आम्हाला या शेजाऱ्यांबरोबर वर्षभर राहायचंय.

मासळीचं कारण वेगळं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत मिळते ती बहुधा बर्फातली सुरमई, आणि ती ताजी म्हणून ताटात वाढणं आम्हाला पटत नाही. सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी मुलांनी दोनदा मागून घेतली, याचा माझ्या बायकोला फार आनंद झाला होता.

आजोबांना पुन्हा समुद्र दाखवायचा असेल तर दिवाळीनंतर या, हवा चांगली असते आणि वाळूवर चालता येतं. पण आमच्याकडे उतरू नका. सगळ्या खोल्या खाली असलेली दोन-तीन घरं गावात माझ्या ओळखीची आहेत. तुमच्याकडे माझा नंबर आहेच, निघण्याआधी फोन करा. मी स्वतः जाऊन बाथरूमच्या पायऱ्या बघून तुम्हाला सांगेन.