पाच खणांचा ताप

बेळगावात हल्ली सकाळी कुणी "आज कितीत?" असं विचारलं तर कोथिंबिरीचा भाव सांगू नये. विचारणारा वर्डलवाला असतो. "मी तीनात काढलो की!" हे तो आपण न विचारताच सांगून सोडतो. त्याला तेवढ्यासाठीच बोलायचं होतं.

वर्डल हा खेळ म्हणाल तर पोरकट. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा म्हणजे ओळी सहा, शब्द दिवसाला एकच, आणि नवा रात्री बाराला. अक्षर जागेवर बसलं तर खण हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नाहीच तर करडा. जॉश वॉर्डल या इंजिनिअरने २०२१च्या ऑक्टोबरात तो लोकांपुढे ठेवला आणि जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. विरंगुळा म्हणून, असं म्हणतात.

आमच्या भागातल्या माणसाला यात एक जादा त्रास आहे. घरात मराठी, बस स्टँडवर कन्नड. दोन्ही लिप्या जे बोलतात तेच लिहितात. त्यामुळे आम्ही शब्द कानाने मोजतो. 'क्यू' कानाला एकच अक्षर, खणांत मात्र क्यू-यू-ई-यू-ई असा ऐसपैस पाच जागा अडवून बसतो. 'राइट' तर आणखी पोचलेला: डब्ल्यूने सुरू होणारा लिहिण्याचा राइट पाच अक्षरी आणि जी-एच पोटात घेऊन बसलेला बरोबर या अर्थाचा राइटही पाच अक्षरीच. 'सीज' आय-ई आणि 'वीअर्ड' ई-आय, हे कुठल्या न्यायाने ते विचारू नये. कानाला सुट्टी द्यावी आणि बोटं मोजावीत.

सुरुवात कशाने करावी यावर शहापुरात आणि टिळकवाडीत दोन पंथ निघू शकतील. नवखा माणूस 'अड्यू' किंवा 'ऑडिओ' टाकतो, कारण एका दमात चार स्वर पदरात पडतात. हा लोभ आहे. स्वर बहुतेक शब्दांत असतातच. शब्द एकमेकांपासून वेगळे पडतात ते व्यंजनांनी. मूळ उत्तरांच्या यादीत ई सगळ्यात जास्त, मग ए, मग आर. पहिल्या खणात एसची गर्दी, शेवटच्यात ई आणि वायची. म्हणून 'स्लेट', 'क्रेन', 'ट्रेस' हे शब्द बरे. एमआयटीतल्या संशोधकांनी गणित मांडून 'सॅलेट' हा सर्वोत्तम ठरवला, सरासरी ३.४२ ओळींत काम होतं म्हणे. सॅलेट म्हणजे जुन्या काळचं शिरस्त्राण. ते घालूनही तिसऱ्या ओळीत डोकं फुटतं ते वेगळं.

माझ्या मते सामान्य माणसाने 'स्लेट', 'क्रोनी', 'ह्यूमिड' हे त्रिकूट पाठ करावं. पंधरा वेगळी अक्षरं, पाचही स्वर आणि वर वाय. उरतात बी, एफ, जी, जे, के, पी, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड. मात्र दोन ओळींतच तीन अक्षरं रंगली तर तिसरा शब्द आंधळेपणाने टाकू नये. पाठांतराचा मोह आम्हाला फार.

करड्या खणावर आंधळा विश्वास हाही एक खड्डा. उत्तर 'क्रेन' असताना 'गीस' टाकलं, तर तीन ईंपैकी शेवटचा हिरवा आणि आधीचे दोन करडे होतात. करड्याचा अर्थ "ई नाही" असा नसून "एवढे ई नाहीत" असा आहे. आणि उत्तरात एकच अक्षर दोनदा येऊ शकतं, हे चौथ्या ओळीपर्यंत कुणालाच आठवत नाही.

खरी कत्तल होते आय-जी-एच-टीच्या घरात. एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. चार खण हिरवे झाले की फर्ड्या इंग्रजीचा माणूस खुशीत येऊन एकेक अक्षर बदलत बसतो आणि सहाव्या ओळीला गारद होतो. शेजारच्या वहिनी मात्र बाजारहिशोबाच्या शिस्तीने एक ओळ मुद्दाम वाया घालवतात. तिसऱ्या ओळीत हे कुटुंब सापडलं की चौथीत 'फिल्म्स' टाकायचं. एफ हिरवा झाला तर फाइट. एल, एम किंवा एस पिवळा झाला तर लाइट, माइट, साइट. काहीच नाही तर पाचवीत 'इनर्ट': एन, ई, आर यांपैकी जो पिवळा तो मालक, आणि तिघेही करडे तर टाइट. सहावीत उत्तर हातात. बाइट-वाइट असले उपरे निघाले तर नशीब. अवघड मोड लावलेला असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण सापडलेली अक्षरं प्रत्येक ओळीत वापरावीच लागतात. तो मोड लावणाऱ्याला कुणी सांगितलं होतं?

'मॅच-पॅच-कॅच'च्या वाड्यात 'क्लॅम्प' चालतो. तिथे सी पिवळा झाला म्हणून हुरळू नये. तो चौथ्या खणातला असतो. हिरवा झाला तरच कॅच.

एस लावलेलं साधं अनेकवचन उत्तर म्हणून येत नाही, हे एक उपकार. पण स्पेलिंग अमेरिकन. जानेवारी २०२२त 'फेव्हर' आणि फेब्रुवारीत 'ह्यूमर' यूशिवाय आले तेव्हा इंग्लंडात आरडाओरडा झाला. आम्हाला त्याचं काही वाटायला नको. आमच्या गावाचंच इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ला सात अक्षरांवरून आठवर गेलं, ती सवय आहे. तेव्हा शेवटच्या दोन खणांत ओ-आर हिरवे झाले, की कलर, ऑनर, लेबर, रूमर, व्हेपर आठवावेत आणि ओ-यू-आरसाठी छडी मारणाऱ्या सरांना मनातल्या मनात नमस्कार करून यू खुशाल गाळावा.