“सिस्टरना सहा तासांचीच तर ड्यूटी!” या संदेशाला उत्तर

मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशात म्हटलंय की नर्सची पाळी सहा तासांची असते, रात्री पेशंट झोपलेले असतात, तरी तक्रार थकव्याची. म्हणजे सेवाभाव आटलाय, त्यांनी योगासनं करावीत. एकेक दावा घेऊ.

“पाळी सहा तासांची.” सकाळची ८ ते २, दुपारची २ ते ८. मग उरलेले बारा तास कोण सांभाळतं? बऱ्याच रुग्णालयांत रात्रपाळी सलग ८ ते ८ असते. शिवाय ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे वॉर्डाचा ताबा, दिल्याशिवाय निघता येत नाही. खाटेखाटेपाशी जाऊन पेशंटची स्थिती सांगायची, मॉर्फिनसारख्या औषधांची मोजदाद करायची, ऑक्सिजन आणि इमर्जन्सी ट्रॉली दाखवायची. दुपारपाळी संपवून दहाला घरी पोहोचलेली सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला असेल, तर झोप पाच-सहा तासांवर येते. दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती हवी, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ सालीच नर्सिंगसाठीच्या शिफारशीत सांगितलंय.

“रात्री पेशंट झोपतात.” इंजेक्शनांच्या वेळा झोपत नाहीत. सहा तासांनी द्यायचं अँटिबायोटिक रात्री १२ आणि सकाळी ६ ला येतं, आठ तासांनी द्यायचं रात्री १० आणि सकाळी ६ ला. म्हणजे दोन्ही सहाला एकत्र. पंचवीस पेशंटना शिरेतून औषध द्यायचंय असं धरा. व्हायलमधली (कुपीतली) पावडर विरघळवणं, नाव आणि डोस ताडणं, हळू सोडणं, केस पेपरवर नोंद, यांना माणशी पाच मिनिटं धरली तरी १२५ मिनिटं होतात. एकटी सिस्टर म्हणून चारलाच सुरुवात करते. त्यातच रक्ताचे नमुने, उपाशीपोटी शुगर, युरिन बॅगचं माप. पहाटे ३ ते ५ ला शरीराचं तापमान आणि सावधपणा सर्वांत खाली असतो, आणि डोसचं गणित नेमकं तेव्हाच करायचं असतं.

“सेवाभाव आटलाय.” इथे आकडे नीट वाचायला हवेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतल्या जनरल वॉर्डसाठी भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण तीन खाटांमागे एक नर्स, वर ३० टक्के रजा-राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी काम करायला जादा पदं. ही एक नर्स तिन्ही पाळ्यांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष पाळीत नऊ खाटांमागे एक. २७ खाटांच्या वॉर्डात तिघी. पण पदं मंजूर खाटांवर मोजतात, जमिनीवर गादी टाकलेल्या पेशंटवर नाही. ४५ पेशंट झाले की एकीच्या वाट्याला पंधरा. एकजण पेशंटला घेऊन सीटी स्कॅनला गेली की उरलेल्या दोघींकडे बावीस-तेवीस. राखीव पदं भरलेली नसतील, तर कुणाच्याही आजारपणाची रजा दुसरीच्या डबल ड्यूटीतून भागते. वर इंडेंट (औषधं-साहित्याची लेखी मागणी), धोब्याचे कपडे मोजणं, संगणकावरची नोंद आहेच. सेवाभाव असलेली सिस्टरच यात आधी थकते, कारण ती पाणी पिणं आणि बाथरूमला जाणं पुढे ढकलते.

“योगासनं करावीत.” जरूर करावीत, पण त्यांनी झोप भरून निघत नाही. उपाय इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रनच्या (नर्सच्या प्रमुखाच्या) ड्यूटी लिस्टमध्ये आहे. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवा. उलटा क्रम शरीराला जड जातो. सलग रात्री दोन-तीनच ठेवा. शेवटच्या रात्रीनंतर ज्या दिवशी सकाळी ती घरी येते, तो दिवस सुट्टीत धरू नका. तो झोपेतच जातो. रात्री दोघी असतील, तर आळीपाळीने वीस मिनिटांची डुलकी लेखी परवानगीने घेऊ द्या. मात्र उठल्यावर पंधरा मिनिटं इंजेक्शन भरायला घेऊ नये, झोपेची गुंगी तेवढा वेळ राहते. आणि पहाटे पाचचा चहा टाळावा. त्यातलं निम्मं कॅफिन दहा वाजताही रक्तात असतं, नेमकं डोळे मिटायच्या वेळी.