लाइम आजाराच्या उपचारतत्त्वांबाबत खुलासा
लाइम आजार म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जिवाणूसंसर्ग. ‘अंडर अवर स्किन’ या त्यावरील माहितीपटाचा हवाला देऊन, अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २००६ ची उपचारतत्त्वे चौकशीनंतर रद्द झाली, असे सांगितले जात आहे. ते खरे नाही. कनेक्टिकटचे तत्कालीन महाधिवक्ता रिचर्ड ब्लूमेंथल यांनी ती ठरवणाऱ्या समितीतील हितसंबंधांवर गंभीर आक्षेप घेतले होते, परंतु २००८ च्या समझोत्यानुसार नेमलेल्या नव्या मंडळाने २०१० मध्ये सर्व शिफारशी कायम ठेवल्या. वाद मुख्यतः ज्यावरून आहे, त्या महिनोन्महिने प्रतिजैविके देण्याचा टिकाऊ लाभ चाचण्यांत दिसलेला नाही. मात्र रुग्णांचा त्रास काल्पनिक ठरवणे हा अन्यायच आहे: खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड चावलेली अनेकदा कळतही नाही आणि रक्तचाचणीत शोधली जाणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार व्हायला काही आठवडे लागत असल्याने सुरुवातीची चाचणी नकारात्मक येऊ शकते.