आधी पाळणाघर द्या

एका लेखात म्हटलंय, मूल झालं की आयटीतल्या बायका करिअरमध्ये स्वतःहून मागे पडतात. अजिबात पटलं नाही. आमच्या टीममधली एक हुशार टेस्टर घणसोलीला राहते, ऑफिस ऐरोलीत. पाळणाघर साडेसातला बंद होतं आणि अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल नेमका सातचा. मॅनेजरने वेळ बदलून मागितली नाहीच, वर अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, ‘संध्याकाळी उपलब्ध नसते’ असा शेरा मारला. यात ती स्वतःहून कुठे मागे पडली? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यावं लागतं. आमच्याकडे ती सोय नाही. महिला दिनाच्या कार्यक्रमावर खर्च करण्याआधी एचआरने तेवढं करावं. आणि मुलांना आणायला बापांनीही वेळेवर निघावं, त्यांच्या अप्रेझलमध्येही कुणी शेरा मारू नये.