‘तीन वर्षं कानस घासली’ म्हणणाऱ्यांना

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक तर आमच्या सोसायटीचा. मजकूर साधारण असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा म्हणजे तीन वर्षं वाया. अभ्यासक्रम ब्रिटिशांच्या काळातला. पोरांकडून कानस घासून घेतात, हाताने ड्रॉईंग काढून घेतात. कंपनीत सगळं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आणि सॉफ्टवेअर करतं. गणित कुठेच लागत नाही. इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिकल संपलं. त्यापेक्षा सहा महिन्यांचा कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉईंग) आणि सीएनसीचा कोर्स करा.

मी स्वतः डिप्लोमावाला. बरीच वर्षं भोसरीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, नव्या पोरांना कामाला लावतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी कानस. पहिल्या वर्षी माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरून काटकोनात आणायला सांगतात. वाटतं तासाभराचं काम. मग काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की दोन्ही कडांना प्रकाश दिसतो, कारण हात झुलतो आणि मध्ये फुगवटा राहतो. तो फुगवटा काढेपर्यंत माप खाली गेलेलं असतं. सर म्हणतात, नवीन तुकडा घे. कंपनीत सीएनसीवाला कानस मारत बसत नाही, मान्य. पण दोन शतांश मिलिमीटर म्हणजे किती, हे ज्याला हाताने कळलंय तो मशीनवर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, टाकताना दशांशाचा घोळ सहसा करत नाही.

ड्रॉईंगचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त चीड आणतो. वस्तूचे व्ह्यू कागदावर मांडायची आपल्याकडची पद्धत फर्स्ट अँगल, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉईंग थर्ड अँगलमध्ये येतं. फर्स्टमध्ये उजवीकडे काढलेला व्ह्यू डावीकडून पाहिलेला असतो, थर्डमध्ये उजवीकडूनच. टायटल ब्लॉकजवळ छाटलेल्या शंकूचं एवढंसं चिन्ह असतं, फरक तेवढ्यावरच. आमच्याकडे एका हुशार पोराने, कॅडवर ज्याचा हात वाऱ्यासारखा चालतो, उजवीकडचा व्ह्यू डावीकडून पाहिलेला समजून मॉडेल केलं. मॉडेल देखणं, प्रोग्रॅम चोख, मशीनने सांगितलं तसंच कापलं. पंचवीस जॉब, म्हणजे तुकडे, कापून झाले तेव्हा कळलं की खाच उलट्या बाजूला आहे. सगळे भंगारात. सॉफ्टवेअरने चूक केली नव्हती. चूक डोक्यात वस्तू फिरवून न बघण्याची होती. हाताने शीटवर तीन व्ह्यू काढताना, खोडताना, पुन्हा प्रोजेक्शन लाइन ओढताना ती सवय लागते. टी-स्क्वेअरच हवा असं माझं म्हणणं नाही. पण वस्तू बघून हाताने स्केच काढता येत नसेल तर कॅड नुसतं वेगाने चुकायला मदत करतं.

फिट, म्हणजे दोन भाग एकमेकांत किती घट्ट बसतात, आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, हेही त्यातलंच. ड्रॉईंगवर २५ एच७ लिहिलं म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ मिमी. त्यात जी६चा शाफ्ट, म्हणजे २४.९८० ते २४.९९३, सुटसुटीत फिरतो. पी६चा, म्हणजे २५.०२२ ते २५.०३५, प्रेसने दाबूनच बसवावा लागतो. आकडे तक्त्यात मिळतात, कुणी पाठ करत नाही. पण कुठे काय मागवायचं, आणि उगाच घट्ट टॉलरन्स टाकला की जॉबची किंमत कशी चढते, हे तक्ता सांगत नाही.

‘गणित लागत नाही’वाल्यांनी एकदा सीएनसी लेथवर फेसिंग, म्हणजे फिरत्या जॉबचं तोंड सपाट करणं, बघावं. कटिंग स्पीडचं सूत्र सगळ्यांनी घोकलेलं असतं: पाय (π) गुणिले व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले हजार. आता प्रोग्रॅममध्ये जी९६ हा कोड टाकून स्पीड मिनिटाला दीडशे मीटर स्थिर ठेवला, तर ५० मिमी व्यासावर आरपीएम येतात साधारण ९५५. टूल आत सरकत ५ मिमीवर आलं की तेच साडेनऊ हजार. म्हणून आधी जी५० हा कोड देऊन आरपीएमची वरची मर्यादा बांधायची. ती ओळ का लिहितात हे ठाऊक नसलेला पोरगा ती एक दिवस पुसून टाकतो. जॉब पकडणाऱ्या चकमध्ये तो जरा ढिला असेल तर पुढचं सांगायला नको.

अभ्यासक्रम ब्रिटिशांचा वगैरे काही नाही. तंत्रशिक्षण मंडळाने २०१७-१८ला ‘आय’ स्कीम, म्हणजे नवा अभ्यासक्रम, आणली, २०२३-२४ला ‘के’.

इलेक्ट्रिक गाड्यांचं म्हणाल तर त्यात थोडं खरं आहे. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट बनवणाऱ्यांना चिंता आहेच, ती हसण्यावारी नेऊ नये. पण मोटरपुढे रिडक्शन गिअर आहेत, बेअरिंग आहेत, ब्रेक आणि सस्पेन्शन आहे, बॅटरीचं कूलिंग आहे. त्या सगळ्याला डाय, जिग, फिक्स्चर, म्हणजे साचे आणि भाग पकडायची साधनं, लागतात.

सहा महिन्यांचा कोर्स वाईट नाही. डिप्लोमानंतर जरूर करा. पण त्याच्या प्रमाणपत्रावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेलाही बसता येत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं तरी पालकांना सांगायचं.

आता त्याने जे लिहिलंच नाही ते. वाया जातं ते उतरवण्यात. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं मॅन्युअल, त्यावरून तिघांची, तिघांवरून अख्ख्या बॅचची. प्रयोगाची रीडिंगं मागच्या वर्षीची. मीही केलंय, टेन्साइल टेस्टचा, म्हणजे धातू ताणून बघायच्या चाचणीचा, ग्राफ मशीन न बघता काढलाय. ओरलला सरांनी ‘यील्ड पॉइंट कुठला?’, म्हणजे धातू कायमचा ताणला जायला कुठे लागतो, विचारलं आणि मी ग्राफवर भलतीकडेच बोट ठेवलं.

म्हणून मुलाखतीत मी कुणाची फाइल उघडत नाही. हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणि एक पिन देतो. पिन धरायच्या आधी पोरगा मायक्रोमीटरचं शून्य तपासतो का, तेवढं बघतो.